जुलभाऊला सगळंच येत होतं

जुलभाऊ दिसायला चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, सदू पेंटरने मुद्दाम लपवलं. उंच, सडपातळ, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे केस, आणि दाढी अशी की आमच्या पवनीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि हसून झालं की पुन्हा बघायच्या. माझी बायको शांताही बघायची. एवढं काय आहे त्याच्यात, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, काही नाही जी, परदेशी माणूस दिसला म्हणून बघितला. मी देशी असल्यामुळे माझ्याकडे बघायचं कारण नव्हतं.

त्याचं नाव ज्यूल आणि पुढे काहीतरी लांबलचक आडनाव. तो फ्रान्सचा. चित्रं काढायचा, सिनेमे काढायचा, लाकूड कोरायचा, कविता म्हणायचा, आणि त्या कवितांमध्ये शब्द नसायचे, नुसते घशाचे आवाज असायचे. सत्तरच्या आसपास आमच्या टेकडीवर जुन्या बौद्ध स्तूपाचं खोदकाम झालं, ते बघायला पुढे काही वर्षांनी तो दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि दोनतीन वर्षं राहिला. वाण्याच्या दुकानावर खोली घेतली. आमची बोली त्याने बाजारात आणि घाटावर उचलली, त्यामुळे पुस्तकातलं मराठी त्याला कधी आलंच नाही. पण एक वाक्य त्याला पहिल्या आठवड्यात आलं आणि ते तो जन्मभर वापरत राहिला. 'मले येते.'

काहीही विचारा. नदी पोहून जाता येते का? मले येते. मोहाच्या झाडावर चढता येते का? मले येते. भाजणीच्या चकल्या, पेटीवर भजन, म्हशीचं दूध काढणं, सगळं त्याला येत होतं, आणि वाईट याचं वाटायचं की बहुतेक वेळा खरंच येत असायचं. एकदा मात्र त्याने बैलगाडी हाकायला घेतली आणि बैलांनी गाडीसकट त्याला बोडीत नेलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो हसत होता आणि काठावर अर्धं गाव हसत होतं. ती गोष्ट पवनीत अजून प्रेमाने सांगतात. मी गाडी बोडीत घातली असती तर लोकांनी मला बावळट म्हटलं असतं आणि बैलांच्या मालकाने दारात येऊन शिव्या घातल्या असत्या.

माझं आणि त्याचं नातं धंद्याचं. भाताची मळणी झाली की आमच्या भागात गावोगाव नाटकं होतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. त्या नाटकांना पडदे लागतात. एक रस्त्याचा, एक महालाचा, एक जंगलाचा, आणि सगळ्यांत पुढचा दर्शनी पडदा, त्यावर वीणा घेऊन बसलेली सरस्वती. हे पडदे रंगवण्यात बळीरामजींचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. मी त्यांच्या हाताखाली होतो. चिंचोक्यांची खळ शिजवायची, मांजरपाटाला चोपडायची, वाळलं की पांढरी माती, मग सरसात कालवलेले रंग. महालाच्या पायऱ्या मी काढायचो, खांब मी काढायचो, जंगलाची पानं मी काढायचो. सरस्वतीची साडीही मी रंगवायचो. फक्त तिचे डोळे बळीरामजी काढायचे.

ही आमच्या कामातली रीत. देवीचे डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे, आणि ते उस्तादानेच. उस्ताद ज्या दिवशी तो बारीक कुंचला दुसऱ्याच्या हाती देईल, त्या दिवसापासून तो दुसरा पेंटर. मंडळं त्याच्याकडे यायला लागतात, भिंतीवर त्याचं नाव लागतं. तोवर तुम्ही कितीही खांब रंगवा, तुम्ही कामावरचा माणूस. मला दोन मुलं झाली, मिशीत एक पांढरा केस आला, तरी मी कामावरचाच होतो. कुंचल्याची वाट बघत होतो. यापलीकडे आयुष्याकडून मला काही नको होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तर जुलभाऊ आला तो दिवस. आम्ही रस्त्याचा पडदा वैनगंगेच्या वाळूत वाळत घातला होता. दोन्ही बाजूंना घरं आणि मधून लांब जाणारा रस्ता. त्या पडद्याजवळ कोणी फिरकलं तर बळीरामजी दगड मारायचे, मग ते कुत्रं असो की सरपंच. हा गोरा माणूस टेकडीवरून उतरून आला, चपला काढल्या, पडद्याच्या कडेशी पालथा पडला आणि गाल वाळूला लावून एका डोळ्याने रस्त्यात बघत राहिला. मी दगड उचलला होता. बळीरामजींनी माझा हात धरला. मग ते स्वतः धोतर सावरत त्याच्याशेजारी पालथे पडले. दोघं तसेच कितीतरी वेळ, एक म्हातारा आणि एक गोरा, वाळूत पोट टेकून. उठल्यावर बळीरामजी मला म्हणाले, खालून पाहिलं तं रस्ता खरंच जाते रे. इतकी वर्षं मी त्यांच्याजवळ होतो, मला कधी त्यांनी पालथं पडायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर. मला खळ जमायला वर्ष गेलं होतं, एकदा गुठळ्या, एकदा पातळ. त्याने पातेल्यात हात घातला, बोटं चोळली, हुंगली, आणि झाली. मी जळलो. उगीच सभ्यपणाने दुसरा शब्द वापरत नाही.

काम करता करता तो आपल्या देशातल्या गोष्टी सांगायचा. तिकडे त्याने म्हणे एक नाटक केलं होतं. लोक आले, बसले, पुढे मोठा पडदा, त्याच्या हातचा. तो पडदा उघडलाच नाही. शेवटपर्यंत लोकांनी पडदाच बघितला. बळीरामजींनी विचारलं, मग लोकांनी मारलं नाही? जुलभाऊने अभिमानाने भुवईवरची खूण दाखवली. आणखी एक सिनेमा त्याने कॅमेऱ्याशिवाय केला होता, फिल्मच्या पट्टीवर खिळ्याने ओरखडे काढून. तो पडद्यावर कसा दिसतो, असं मी विचारलं. पावसासारखा, तो म्हणाला. मग पाऊसच का नाही दाखवला, असं मी म्हणालो, तर बळीरामजी माझ्याकडे असं बघायला लागले की बोलायला नको होतं असं झालं.

कॅमेरा त्याच्याजवळ होता, चावीचा, आणि खांद्याला आवाज भरायचं यंत्र. पण चित्र एका वेळी काढायचा आणि आवाज दुसऱ्याच वेळी भरायचा, आणि मग कोणाच्याही अंगावर कोणाचाही आवाज घालायचा. फिल्म धुवायला त्याच्या देशात जायची आणि कित्येक महिन्यांनी परत यायची. पहिल्यांदा आली तेव्हा त्याने गावाला सिनेमा दाखवला. भरदुपारी राईस मिलच्या गोदामात, खिडक्यांना पोती लावून. आमच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष पाटील पहिल्या रांगेत. पडद्यावर म्हशी चिखलात लोळत होत्या, आणि आवाज पाटलांचा, गणपतीतल्या भाषणाचा. बंधू आणि भगिनींनो, असं म्हणत म्हैस कुशीवर वळली. गोदाम हसून हसून लोळलं. मी पाटलांकडे बघत होतो, आता हा माणूस याला गावाबाहेर काढतो म्हणून. पाटील डोळे पुसत उठले आणि म्हणाले, पुन्हा एकदा लावा. मीच त्या पाटलांच्या नाटकात राजाचा फेटा चुकून हिरवा रंगवला होता, तेव्हा त्यांनी मला चार माणसांत उभं केलं होतं.

शांता म्हणायची, तुम्ही त्याच्याशी बोलत काहून नाही? चांगला माणूस आहे. चांगला होता हे मलाही दिसत होतं, आणि त्यामुळे जास्त त्रास व्हायचा. माझ्या धाकटीला त्याने तणसाचा घोडा करून दिला, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा. ती तो घोडा उशाशी घेऊन झोपायची. मी तिला दुकानातून लाकडी घोडा आणला, तो तिने त्या तणसाच्या घोड्याला गडी म्हणून ठेवला.

मग दिघोरीचं काम आलं. दिघोरीच्या मंडळाला नवा जंगलाचा पडदा हवा होता. बळीरामजींचे हात तोवर थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनी पडद्याची डावी बाजू मला दिली आणि उजवी जुलभाऊला. मी नेहमीचं जंगल काढलं. वड, वेली, एक हरिण, लांबवर धबधबा. आमच्या पडद्यावरचं जंगल असंच असतं. जुलभाऊ सायकलवर दिघोरीला जाऊन आला आणि त्याने तिथलाच तलाव काढला. तलावाची पाळ, खालच्या भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं, त्यांच्यामधल्या हद्दीचे धुरे, आणि एका धुऱ्यावर आंब्याचं झाड.

शंकरपटाच्या दुपारी मंडप उभा राहिला आणि पडदा टांगून बघितला. आधी दोनचार जण आले. मग शर्यत सोडून लोक येऊ लागले. कोणी म्हणे ही माझी बांधी, कोणी म्हणे तो माझा सांडवा. आणि मग एक म्हातारा पुढे आला आणि आंब्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा आंबा तिकडं कसा गेला? तो आंबा दोन चुलतभावांच्या धुऱ्यावरचा. एकाच्या बापाने लावलेला, दुसऱ्याच्या बांधीवर सावली पडणारा. जुलभाऊने तो वीतभर डावीकडे, दुसऱ्याच्या बांधीत काढला होता, चित्रात तिथे बरा दिसतो म्हणून. दुसरा चुलतभाऊ म्हणाला, बरोबर काढला हाय, गोऱ्या माणसालेही दिसते आंबा कोणाचा. झालं. बैल दाव्याला, जत्रा रस्त्यावर, आणि दिघोरीतली सगळी शहाणी माणसं पडद्यासमोर उभी राहून धुरा मोजताहेत. पडदाच आणा पंचायतीत, असं एकजण ओरडला.

शेवटी बळीरामजींनी माझ्याकडे बघितलं. मी शिडी लावली, हिरवा रंग कालवला आणि आंब्यावरून माझा वड आणखी पसरवून दिला. भांडण मिटलं, नाटक झालं. लोकांनी मात्र वर्षानुवर्षं तो पडदा 'आंब्याचा पडदा' म्हणूनच मागितला. ज्यावर आंबा नाही, माझा वड आहे, तो आंब्याचा पडदा. चूक झाली म्हणून जुलभाऊला खरंच वाईट वाटलं होतं. मला वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. माझ्या जंगलावरून आजवर कोणी भांडलं नव्हतं. माझ्या हरणाला कोणी विचारलं नव्हतं की तू कोणाचं.

त्याच हंगामाच्या शेवटी पवनीच्या मंडळाची सरस्वती करायला घेतली. मोर झाला, वीणा झाली, साडी झाली. चेहरा मी काढला, नाक-ओठ इतके नेमके की शांता म्हणाली, ही तं बोलन आता. डोळ्यांच्या जागा कोऱ्या. बळीरामजींनी आंघोळ केली, नारळ फोडला, पेटीतून तो कुंचला काढला. हात इतका थरथरत होता की कुंचला दुसऱ्या हाताने धरावा लागला. मी हात धुऊन, पुसून, शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "जुलभाऊ, ये."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत होतो. मग तो हळूच म्हणाला, "मले येते." नेहमीसारखं मोठ्याने नाही.

आणि आलं त्याला. देवीने डोळे उघडले. मंडपात कुठेही बसा, ती तुमच्याकडेच बघायची. पाटलांपासून पानवाल्यापर्यंत प्रत्येक जण सांगायचा, देवी माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे तिने कधी बघितलं नाही. मी मुलाबाळांना घेऊन सासुरवाडीला निघून गेलो आणि भाताच्या रोवणीपर्यंत आलोच नाही. आलो तेव्हा जुलभाऊ आपल्या देशात गेला होता. शांताच्या आईसाठी चाललो असं सगळ्यांना सांगितलं होतं. सासूबाई ठणठणीत होत्या.

त्यानंतर जे झालं ते आपसूक झालं. बळीरामजी बसून राहिले. मंडळं आली आणि विचारायला लागली, जुलभाऊ कुठे? जुलभाऊ नाही म्हटल्यावर मग माझ्याकडे वळली. भिंतीवर माझं नाव लागलं. डोळे मी काढू लागलो, दुकानातून आणलेल्या कुंचल्याने, कोणी न देता. माझ्या सगळ्या सरस्वती थोड्या खाली बघतात, असं लोक म्हणतात. लाजाळू देवी, म्हणतात. बळीरामजींनी त्या बघितल्या, पण चांगलं-वाईट काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. वयाची ऐंशी उलटल्यावर एका उन्हाळ्यात ते गेले. जुलभाऊला पत्र शाळेच्या मास्तरांनी लिहिलं, त्यांना फ्रान्सचा पत्ता ठाऊक होता.

पुढच्या हिवाळ्यात तो आला. दाढी पांढरी झाली होती आणि दिसायला आणखीच चांगला झाला होता, काय करता. हातात पत्र्याचा चपटा डबा. आला तो थेट माझ्या दारात. म्हणाला, तुला सिनेमा दाखवायचा आहे, एकट्याला. मी म्हणालो, कामं आहेत. शांताने आतून सांगितलं की काही कामं नाहीत.

तेच राईस मिलचं गोदाम, तीच दुपार, खिडक्यांना पोती. पडद्यासाठी त्याने माझ्याच दुकानातला नवा दर्शनी पडदा उलटा टांगला, कोरी बाजू आमच्याकडे करून. टांगताना पुढची बाजू बघून त्याने विचारलं, खाली काहून पाहते? मी म्हटलं, तिची मर्जी. यंत्र सुरू झालं. उजेडाच्या झोतात कोंड्याची धूळ उडत होती.

आधी नदी, मग दोऱ्या, मग कोणाच्या तरी टाचा. त्याचं नेहमीचंच. मग एक पाठ दिसली. घामाने भिजलेला बनियन, शिडीवर उभा माणूस, महालाची पायरी ओढतोय. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीशिवाय, न थांबता. मग दुसरी पायरी. मग तिसरी. ती पाठ माझी होती, हे मला कळायला वेळ लागला, कारण आपली पाठ आपण कुठे बघतो? त्याने ती माझ्या नकळत टिपली होती, बरीच, वेगवेगळ्या दिवसांची. आणि या पाठीवर आवाज सुरू झाला. जुलभाऊचा तरुण आवाज विचारत होता, "डोळे मले काहून देले? सदूले काहून नाही?"

खोकला आला. तो खोकला मी हजारात ओळखला असता. मग बळीरामजी बोलले.

"त्याचा हात माह्याहून बरा हाय. पयल्या दिवसापासून बरा हाय. मले जळण होते त्याची." आणि पुढे, "तू तं चालला जाशीन आपल्या देशाले. तुले देलो तं माह्यं काही जात नाही. त्याले देलो असतो तं मी जित्ता असताच लोकं त्याच्या दारात गेले असते. मंग माह्याकडं कोण येईन?"

पडद्यावर मी पायरी ओढत होतो. जुलभाऊच्या आवाजाने विचारलं, "त्याले सांगू?"

"नोको. मी मेल्यावर सांगजो."

पुढे पांढरी पट्टी आली आणि यंत्र खडखडत राहिलं. मी अंधारात बसून होतो. राग यावा की रडू यावं, ते ठरत नव्हतं. शेवटी राग जुलभाऊचाच आला. इतकी वर्षं त्याने शब्द पाळला होता, आणि पाळायला समुद्र ओलांडून आला होता. हेही त्याला येत होतं.

मी त्याला म्हटलं, तेवढा तुकडा कापून मला देऊन जा. जन्मभर फिल्मवर खिळे ओढणारा माणूस, पण त्याने नाही म्हणून मान हलवली. फिल्मवर आवाज चित्राच्या थोडा पुढे छापलेला असतो, कापलं तर पाठ एकीकडे राहील आणि आवाज दुसरीकडे, असं काहीतरी म्हणाला. मी पुन्हा मागितलं नाही. कोणाकडे काही मागायची सवय मला त्या कुंचल्यानंतर राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नागपूरच्या एसटीवर सोडायला गेलो. शांताने चकल्या बांधून दिल्या होत्या, त्याच्यासाठी जास्त तिखट. कंडक्टर म्हणाला, तो पत्र्याचा डबा वर टपावर टाका. जुलभाऊने नाही म्हटलं. खिडकीशी बसून त्याने तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला, रस्ता खराब म्हणून. माझ्या उस्तादाने माझ्याबद्दल काढलेला एकुलता एक चांगला शब्द त्या डब्यात होता, आणि तो पुन्हा त्याच्याच मांडीवर बसून निघाला होता. बस हलली. मी हात वर केला. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली, हात हलवला नाही. त्याचे दोन्ही हात डब्यावर होते.